पगारातली एक ओळ

पेन्शनच्या कामाला एक जुना कागद हवा होता म्हणून गेल्या आठवड्यात लोखंडी ट्रंक उघडली. कागद काही सापडला नाही. तळाशी रबर लावलेला पगाराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तेवढा निघाला. रबर हातात घेतलं तर तुटलंच. धाकटी लेक शेजारी बसली होती. तिनं एक चिठ्ठी उचलली, बोट फिरवत खाली येत गेली आणि मध्येच थांबली.

"आप्पा, हे पॅरा पे काय असतं?"

"विमानातनं उडी मारायचे पैसे."

"एका उडीचे एवढेच?"

एका उडीचे नव्हेत, अख्ख्या महिन्याचे, असं सांगितल्यावर ती हसायलाच लागली. तिच्या मोबाइलचा महिन्याचा खर्च त्याहून जास्त आहे म्हणाली. आमच्या वेळी ती रक्कम शेकड्यात होती, हे खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेच्या मैदानावर गेलो. भरतीची तयारी करणारी दहा-बारा पोरं तिथं रोज सोळाशे मीटर पळतात आणि मी काठी टेकून वेळ घेतो. त्यातल्या एकानं, धाप लागलेली असतानाच विचारलं, "आप्पा, पॅरात गेलं तर हातात किती पडतं?" सलग दोन दिवस तोच प्रश्न. म्हटलं, चला, एकदा लिहूनच काढू.

आधी पैशाचं सांगून टाकतो, कारण बरेच जण तेवढंच वाचून जाणार. शिपायाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २१,७०० रुपयांपासून सुरू होतो. त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० आणि दोन्हींवर महागाई भत्ता. इथपर्यंत पायदळवाला, तोफखानावाला, सिग्नलवाला सगळे एका माळेतले. पॅरात, म्हणजे विमानातून छत्रीनं (पॅराशूटनं) उतरणाऱ्या फौजेत, गेलं की चिठ्ठीत एक ओळ वाढते. सातव्या आयोगानंतर ती जवानांना आणि जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) महिना ६,००० रुपये आणि अधिकाऱ्यांना १०,५०० अशी ठरली. छातीवर 'बलिदान'चा बिल्ला लावणारे पॅरा एसएफवाले, म्हणजे स्पेशल फोर्सेस, यांचा रकाना वेगळा आहे. त्यात जवानांना १७,३०० आणि अधिकाऱ्यांना २५,००० धरले होते. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांना टेकला की या आकड्यांत पाव हिस्सा वाढ होते. तो टप्पा जानेवारी २०२४ मध्ये आला.

अग्निवीर म्हणून गेलात तर पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले तीस टक्के सेवानिधीला कापले जातात, तेवढेच सरकार घालतं, आणि चार वर्षांनी १० लाख ४ हजार व त्यावरचं व्याज घेऊन चारातले तीन घरी येतात. जोखमीचे भत्ते त्यांनाही लागू आहेत.

झालं. पैशाचं एवढंच. पण ही ओळ कायमची नसते, हे पोरांना कुणी सांगत नाही. पॅरा युनिटात आहात आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या उड्या मारताय, तोवर ती दिसते. बदली साध्या युनिटला झाली की पुढच्या महिन्याच्या चिठ्ठीत तिथं काही नसतं. माझी दोनदा गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा विहिरीच्या मोटारीचे हप्ते चालू होते.

मी पॅराशूट रेजिमेंटचा नव्हे. हे आत्ताच सांगतो, नाहीतर जुने दोस्त फोन करून झाडतील. मी खडकीचा, बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरांतला. माण तालुक्यातून १९९५ साली एकोणिसाव्या वर्षी भरती झालो. आमच्याकडं पाऊस कमी आणि वर्दी जास्त. लोकांना वाटतं पॅरा म्हणजे फक्त बंदूकवाले कमांडो. पण सातशे माणसं शत्रूच्या मागं उतरवली तर त्यांना तोफा लागतात, वायरलेस लागतो, डॉक्टर लागतो, सुरुंग काढणारा आणि पूल उडवणारा लागतो. हे सगळे छत्रीनंच खाली यावे लागतात, कारण तिथं दुसरी वाटच नसते. आग्र्याच्या ५० पॅराशूट ब्रिगेडमध्ये सॅपरांची जी कंपनी आहे, ४११ पॅरा फील्ड कंपनी, ती आमच्या खडकीचीच. रोल कॉलला एक दिवस विचारलं, पॅराला कोण जाणार? माझ्या पुढच्या दोघांनी हात वर केला, म्हणून मीही केला. यापेक्षा मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

घरी पत्रानं कळवलं. आईला वाचता येत नव्हतं. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. पुढच्या सुट्टीत घरी गेलो तर चुलीपुढं बसून तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "छत्री न्हाई उघडली तर रं?" दुसरी असती पोटावर, म्हटलं. "आन् ती बी न्हाई उघडली तर?" त्यावर मी भाकरी वाढ म्हणालो.

आग्र्याला गेल्यावर आधी प्रोबेशन. पॅरा ब्रिगेडच्या आमच्यासारख्यांचं महिनाभराचं, एसएफवाल्यांचं तीन महिन्यांचं. एसएफच्या प्रोबेशनबद्दल मोबाइलवर पुष्कळ व्हिडिओ आहेत, काचेचा ग्लास चावून खातात वगैरे. ते त्यांनाच विचारा. आमचा महिना मात्र साधा होता. साधा म्हणजे पहाटे चारला शिट्टी, पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल आणि पळत सुटायचं. दहा किलोमीटर, वीस, तीस, चाळीस. मध्ये थांबलात की उस्ताद ओरडत नाही. तो फक्त वहीत काहीतरी लिहितो, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट. ज्याच्या नावापुढं जास्त लिहिलं जाईल त्याचं संध्याकाळी सामान बांधलेलं असायचं, आर.टी.यू., आपल्या जुन्या युनिटला परत. आम्ही अठरा होतो, अकरा उरलो. त्या सातांत दोघं माझ्यापेक्षा जोरात पळणारे होते. एकाच्या पायाला फोड येऊन पिकले, दुसऱ्याचं घरी मन होतं. मी टिकलो त्यात ताकदीपेक्षा हट्ट जास्त होता. आमच्या घराण्यात तेवढी एकच इस्टेट आहे.

उडी शिकवण्याचं काम लष्कराचं नाही, वायुसेनेचं आहे. पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल. १९४१ साली दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावर, आताच्या सफदरजंगवर, याची सुरुवात झाली. मग रावळपिंडीजवळच्या चकलालाला हललं आणि फाळणीनंतर आग्र्याला आलं. पहिल्या हिंदी उडी मारणाऱ्यांत एक डॉक्टर होते, लेफ्टनंट रंगराज. तेच पुढं कोरियात ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स घेऊन गेले आणि मार्च १९५१ मध्ये अमेरिकन सैनिकांबरोबर आपली डॉक्टर मंडळी छत्रीनं उतरली. स्कूलमधल्या एका हवालदारानं हे सांगितलं, तेव्हा माझ्या मनात आलं, डॉक्टर मारतो तर आपण कोण लागून गेलो.

पहिले दिवस विमानाचं नावच नाही. नुसतं पडायला शिकवतात. पाय जोडलेले, गुडघे जोडलेले, थोडे वाकलेले, हनुवटी छातीला. पाय टेकले की एका बाजूला झुकायचं आणि पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ अशी जमिनीला पाळीपाळीनं भेट द्यायची. सगळा मार एका हाडावर घ्यायचा नाही, अंगभर वाटून टाकायचा. आधी जमिनीवरून, मग बाकावरून, मग उंच मचाणावरून दोराला लटकून. दिवसाला दोनशे वेळा पडत असू. रात्री कुशीवर झोपता यायचं नाही, कारण दोन्ही कुशी सुजलेल्या. प्रशिक्षकाचा एकच घोष, "पाय जोड!" तो हिंदीत म्हणायचा, पण स्वप्नात मला मराठीतच ऐकू यायचा.

एक गोष्ट त्यांनी सांगितली ती अजून लक्षात आहे. जमिनीची वाट बघू नका. खाली बघत राहिलात की पाय आपोआप तिला भेटायला पुढं जातात, आणि पाय पुढं गेला की मोडतो. समोर क्षितिजाकडं बघा, जमीन तिच्या वेळेला येईल.

पहिल्या उडीच्या दिवशी पहाटे तीनला उठवलं. वारा पडलेला असतो म्हणून उड्या सकाळी. छत्र्या घेतल्या. प्रत्येक छत्रीबरोबर एक कार्ड असतं, त्यावर ती कुणी, कधी घडी केली त्याची सही. माझ्या कार्डावर निळ्या शाईची वेडीवाकडी सही होती. मी ती बराच वेळ बघत होतो. या माणसाचं रात्री बायकोशी भांडण झालं असेल का, एवढाच विचार डोक्यात. (छत्र्या शिवल्या जातात कानपूरच्या कारखान्यात. पण शिवणाऱ्यापेक्षा घडी करणाऱ्याची भीती जास्त वाटते, का ते माहीत नाही.) पुढं नोकरीत कधीही पॅकर भेटला की मी आपणहून चहा सांगत आलो.

एएन-३२ विमान. आत दोन्ही बाजूंना बाकडी, मधोमध गुडघ्याला गुडघा. इंधनाचा वास, घामाचा वास आणि कानठळ्या बसवणारा आवाज. पाठीवर मोठी छत्री, पोटावर छोटी, त्यामुळे पाठ टेकवून बसताही येत नाही आणि वाकताही येत नाही. विमान खेरियाच्या धावपट्टीवरून उठलं. उड्या पडतात त्या मलपुऱ्याच्या मैदानावर, आग्र्यापासून जवळच. वर गेल्यावर उभं राहायचा हुकूम होतो. छत्रीची दोरी डोक्यावरच्या पोलादी तारेला अडकवायची. विमानातून पडलात की ही दोरीच छत्री ओढून उघडते, आपल्याला काही करायचं नसतं. पुढच्याची छत्री तपासायची आणि शेवटून पुढं एकेकानं ओरडायचं, दस ओके, नौ ओके. मग मागचं दार उघडलं आणि आत जो उजेड आला तो मला अजून आठवतो. एकदम पांढरा. त्यात खाली शेतांचे तुकडे, चटईसारखे. लाल दिवा.

माझ्या पुढं जो होता तो आमच्या अकरांतला सगळ्यात तगडा. कुस्ती केलेला गडी, मान आणि खांदा एकच. हिरवा दिवा लागला, पुढचे तिघं गेले, आणि हा थांबला. ओरडला नाही, रडला नाही. नुसता कडेच्या खांबाला हात लावून उभा. त्याची मान मला मागून दिसत होती, तिच्यावर काटा आलेला. प्रशिक्षकानं त्याला ढकललं नाही. शांतपणे बाजूला घेतलं, त्याचा हूक काढला, बाकावर बसवलं आणि माझ्याकडं बघून हात केला. मी गेलो. धैर्यानं गेलो असं म्हणायची सोय नाही. त्याच्या जागी आपणही थांबू या भीतीनं गेलो.

मग चार सेकंद काही नाही. हजार एक, हजार दो मोजायचं असतं, मी मोजलं की नाही आठवत नाही. खांद्याला झटका बसला, आणि सगळा आवाज बंद. वर छत्री गोल, टच्च भरलेली. १,२५० फुटांवरून उडी, म्हणजे हवेत मिनिट-सव्वा मिनिट. तेवढ्यात दूर कुठंतरी ताजमहाल दिसतो म्हणतात. मला पाण्याची एक टाकी आणि पाच-सहा म्हशी दिसल्या. क्षितिजाकडं बघायचं होतं, ते विसरून मी म्हशींकडं बघत राहिलो आणि बदकन आलो. तोंडात धूळ. उठून बघितलं तर सगळं शाबूत. मी हसत होतो, आणि हसू थांबेचना.

तो गडी विमानातून विमानतळावर परत आला. संध्याकाळी आम्ही बराकीत पोचलो तर त्याची खाट रिकामी, गादीची घडी नीट घातलेली. त्याच्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. पुढं काही वर्षांनी कळलं की त्यानं दुसरीकडं चांगली नोकरी केली, एका पुरात माणसं काढली. ज्यानं त्या दारात उभं राहून बघितलंय तो दुसऱ्याला भित्रा म्हणत नाही. म्हणतो तो ज्यानं दार बघितलेलं नाही.

लोक म्हणतात पहिली उडी अवघड. साफ चूक. दुसरी अवघड. पहिलीला आपण कशात पडतोय ते माहीत नसतं. पंख, म्हणजे पॅराचा बिल्ला, मिळवायला पाच लागतात, त्यांतली एक रात्रीची. माझी रात्रीची पाचवी होती. खाली नुसता काळोख, त्यात धुराचा वास आणि कुत्र्यांचं भुंकणं. भुंकणं मोठं झालं तसं मला वाटलं आली जमीन, आणि मी पाय पुढं केला. एक. फक्त उजवा. नांगरटीच्या सरीत तो घोटा असा मुरगळला की डोळ्यांपुढं तारे. चूक माझीच, करू नका म्हणून सांगितलं होतं तेच केलं. लंगडत छत्री गोळा केली, ती खांद्यावर टाकून चालायला लागलो तर बांधावर एक म्हातारा कंदील घेऊन उभा. "गिर गये क्या?" म्हणाला. मलपुऱ्याच्या लोकांना आभाळातून माणसं पडण्याचं नवल नाही, आपल्याकडं माकडं येतात तशी त्यांच्याकडं माणसं येतात. त्यानं तांब्याभर पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पंख लावायची परेड होती. मी बुटाची दोरी करकचून आवळली आणि घोटा कुणाला दाखवला नाही. आता थंडीत तो घोटा मला हवामान सांगतो.

उजव्या दंडावर पंख, डोक्यावर मरून रंगाची टोपी. पुढच्या महिन्यात चिठ्ठीत ती ओळ आली. बराकीत सगळे आपापली चिठ्ठी दिव्याखाली धरून ती बघत होते. त्या रात्री त्या पैशांपेक्षा जास्तीचं आम्ही मेसमध्ये खाल्लं.

आता कामाचं. पॅरावाला रोज उड्या मारतो असं पोरांना वाटतं. मी नोकरीत सगळ्या मिळून एकेचाळीस उड्या मारल्या. भागून बघा, वर्षाला किती पडल्या. बाकीचे दिवस पळणं, सामान घासणं, मोजणं, पुन्हा बांधणं. आमच्या सॅपरांच्या सामानात स्फोटकं, सुरुंग शोधायचं यंत्र, फावडी, दोर. पीईके नावाचं जे मऊ स्फोटक असतं, कणकेसारखं, त्यातला 'के' म्हणजे किर्की, आमची खडकीच. ते एकाच्या पिठ्ठूत आणि ते उडवणारे डिटोनेटर दुसऱ्याच्या. दोन्ही एका माणसाकडं कधीच नाहीत. तो ज्याच्या पिठ्ठूत डिटोनेटर असत तो आमचा कोल्हापूरचा गडी माझ्यापासून जेवतानासुद्धा हातभर लांब बसायचा. सवयच लागलेली.

उडी मारताना पिठ्ठू पुढं पायाशी बांधलेला असतो आणि जमिनीच्या थोडं आधी दोरानं खाली सोडायचा असतो, म्हणजे तो आधी टेकतो आणि आपण हलके होऊन मागून. सरावात आमचं काम ठरलेलं. पहिल्या टोळीबरोबर पडायचं, छत्री गुंडाळायची आणि धावपट्टीकडं सुटायचं. तिथं सुरुंग आहेत का बघा, खड्डे असतील तर बुजवा, म्हणजे मागची विमानं उतरतील. उडी हा प्रवास झाला. एस.टी.तून उतरल्यासारखं. एस.टी.तून उतरलो म्हणून कुणी शाबासकी देत नाही. काम पुढं असतं.

आणि गंमत म्हणजे लढाईत बहुतेकदा उडी लागतच नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये बंड झालं तेव्हा आग्र्याहून आयएल-७६ विमानांतून ६ पॅरा ही बटालियन गेली. रातोरात समुद्र ओलांडून हुलुले बेटावर विमानं सरळ धावपट्टीवरच उतरली. १९९९ ला कारगिलच्या लढाईत आमची ब्रिगेड मुश्कोहला गेली ती ट्रकनं, आणि पुढं पायी. छत्र्या आग्र्याला कपाटात. तिथं सॅपराचं काम एकच, पोटावर झोपून पुढची वाट बोटांनी चाचपडायची. त्याबद्दल परत कधीतरी. आज नको.

खरी उडी बघायची तर टांगाईल. आमच्या शेजारच्या गावात एक नाना होते, आता गेले. ते २ पॅरात. ही बटालियन मूळची मराठ्यांची, ३ मराठा लाइट इन्फंट्री. नाना ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ उतरले. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू त्यांचे कमांडर. कलाईकुंडा आणि डमडमहून पन्नासच्या आसपास विमानं उठली, डाकोटा, पॅकेट, एएन-१२, आणि सातशेवर माणसं. काम असं की लोहाजंग नदीवरचा पूंगली पूल धरायचा, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याला माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडची वाट बंद.

नाना पारावर बसून सांगायचे तेव्हा यातलं काहीच सांगत नसत. ते सांगायचे तळ्याचं. "त्या मुलखात जमीन कमी न् तळी जास्त. म्या पडलो ते थेट तळ्यात. छातीएवढं पाणी. वरनं छत्री अंगावर. म्हटलं, गोळी खाऊन मरायचं सोडून हितं गणपतीवानी बुडतोय का काय." मग गावची माणसं 'जय बांगला' करत धावत आली, त्यांना ओढून काढलं आणि तोफांचं सामान डोक्यावर घेऊन यांच्याबरोबर पळायला लागली. पूल त्याच संध्याकाळी घेतला. रात्रभर पाकिस्तानी तुकड्या तो परत घ्यायला येत राहिल्या. सोळा तारखेला ढाक्यात पहिली शिरली ती हीच बटालियन.

नानांची तक्रार वेगळीच होती. त्या उडीचा म्हणून जगभरच्या पेपरांत जो फोटो छापून आला, आभाळभर छत्र्या, तो टांगाईलचा नव्हताच. आग्र्याच्या सरावातला जुना फोटो प्रसिद्धीवाल्यांनी दिला होता. बाहेरच्या पेपरांनी पाच हजार माणसं उतरली असं छापलं आणि ढाक्यातल्या पाकिस्तान्यांची झोप उडाली. डाव म्हणून झकास. पण नानांनी तो फोटो भिंग घेऊन कितीतरी वर्षं बघितला होता, त्यात आपण कुठं दिसतो का म्हणून. "आन् कळलं तर आग्र्याचा," म्हणायचे, आणि जोरात थुंकायचे.

टांगाईलनंतर आपल्या फौजेनं लढाईत एवढी मोठी उडी घेतलेली नाही. मग इतकी वर्षं छत्र्या घडी करून ठेवायच्या कशाला, असा प्रश्न मैदानावरच्या एका हुशार पोरानं विचारला. त्याला म्हटलं, तुझ्या घरी विहिरीवर मोटर आहे, तरी आजीनं दोर आणि बादली अडकवून ठेवलीय ना? तो म्हणाला, व्हय. मी पुढं काही बोललो नाही.

धोनीचं मात्र सगळ्यांना माहीत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यानं याच आग्र्यात, याच एएन-३२ मधून पाच उड्या मारून पंख घेतले. पोरं म्हणतात, आप्पा, धोनीनं मारली म्हणजे सोपी असंल. मी म्हणतो, त्याचा हेलिकॉप्टर शॉट बघून तुम्हाला तो सोपा वाटला का? आणि एक गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगतो. २०२५ मध्ये आग्र्यातच वायुसेनेचे दोन अनुभवी प्रशिक्षक दोन वेगवेगळ्या अपघातांत गेले. शिकाऊ नव्हे, शिकवणारे. आईचा चुलीपुढचा प्रश्न अडाणी नव्हता. मीच उत्तर टाळलं होतं.

त्या ओळीच्या पैशाचं काय झालं, हे लेकीनं शेवटी विचारलंच. हिशेब बायकोकडं. ती म्हणाली, पहिली तीन वर्षं म्हाताऱ्या सासऱ्यांच्या दम्याचं औषध त्यातून आलं, मग मोटारीचा हप्ता, मग थोरलीची फी. "ते पैसे मी वेगळ्या डब्यात ठेवत होते," म्हणाली, "तांदळाच्या." का वेगळे, तर ते खर्च करताना तिला हात थरथरल्यासारखं व्हायचं. वीस वर्षं संसार करून हे मला आत्ता कळलं. माझ्या समजुतीप्रमाणे तिला त्या ओळीतलं काही माहीतच नव्हतं.

पहाटे पोरांना घेऊन मैदानावर गेलो. कडेला कुणाचीतरी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. हातात किती पडतं विचारणाऱ्याला म्हटलं, चढ वर. पाय जोड, गुडघे जोड, हनुवटी खाली, नजर त्या समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर, आणि मार उडी. चार फुटांवरून. त्यानं मारली, खाली बघतच मारली, पाय फाकले आणि बसकण घातली. बाकीचे हसले.

"आता कुल्ला दुखतोय का?"

"व्हय आप्पा."

"चढ परत."

तो चढला. मग दुसरा चढला. उजाडेपर्यंत बाराच्या बारा ट्रॉलीवर रांगेत, आणि पाठीमागं ट्रॉलीचा मालक येऊन उभा, हा काय प्रकार म्हणून. त्याला बोललो, जरा थांब, अजून एकाचेही पाय जुळलेले नाहीत.